खोटा रोगी आणि आपला रिपोर्ट

श्रीयुत पुंजाजी, मुक्काम तेल्हारा, यांस अकोल्याहून शालिकरामचा सप्रेम नमस्कार. मी व आपली बहीण सुंदरा सुखरूप आहोत. आपले गुडघे व शेतातील कपाशीची पऱ्हाटी दोन्ही बरी असावीत अशी आशा करतो. आपल्या गालाच्या आतील फोडाचा रिपोर्ट मजकडे आला आहे. (तो विषय निघताच आपण फोन बंद करता, मात्र हाती आलेला कागद पूर्ण वाचल्यावाचून आपण खाली ठेवत नाही, म्हणून हे पत्र.) रिपोर्टाविषयी यथाक्रम लिहितो, कारण असे वर्तमान कसे सांगावे याचे शिक्षण मी नुकतेच पाहून आलो आहे.

आमच्या सूनबाई सौ. सीमा ज्या वैद्यकीय महाविद्यालयात परिचारिका आहेत, तेथे भावी डॉक्टरांना कर्करोगाची बातमी रोग्यास कशी सांगावी हे शिकवतात. त्यासाठी खोटा रोगी लागतो. मी चौथी उत्तीर्ण, आवाज खणखणीत, शिवाय रिकामा (हे सूनबाईंचे मत), म्हणून माझी निवड झाली. तेथे मला दवाखान्याचा झगा देऊ केला व टोपी काढावयास सांगितले. मी दोन्हींस नकार दिला. बातमी कितीही वाईट असो, ती टोपीनिशीच ऐकावी.

पहिला विद्यार्थी अनुप. त्याने संगणकाकडे पाहत, बाजारभाव सांगावा तसा, मला कर्करोग झाल्याचे सांगितले. मी त्यास म्हणालो, की आधी पाणी विचारावे. शिकवणाऱ्या मॅडमनी त्याचे गुण कापले व माझी प्रशंसा केली. त्यामुळे माझा उत्साह वाढला आणि तेथेच घोटाळा झाला.

दुसरी कु. प्रणाली. ती खुर्ची जवळ ओढून अदबीने बसली. समोर माणूस बसल्यावर त्याचे गाव न विचारणे आपल्याकडे शिष्टाचारास धरून नाही, म्हणून मी विचारले. ती अकोटची निघाली. मग आडनाव, मग आजोळ असे करीत ती माझ्या मावसभावाची नात ठरली. (आपण तिच्या आत्याच्या लग्नात जेवला आहात.) तोच तिचे डोळे भरून आले. "मॅडम, हे तं माये आजोबा लागतेत, यायले मी कसं सांगू?" मी तिला धीर दिला, आणि चिंता करू नको, मला कर्करोग आहे हे ठाऊक आहे, असेही सांगून टाकले. तिची परीक्षा तेथेच संपली. मॅडम म्हणाल्या, "बाबाजी, तुमी पेशंट आहात, सोयरे नाई." हा भेद मला अद्याप पटलेला नाही.

असो. मॅडमची शिकवण अशी, की रोग्यास स्वतःला काय वाटते व त्यास किती ऐकावयाचे आहे, हे आधी विचारावे. तदनुसार आपणांस दोन्ही प्रश्न विचारतो. आपला चि. किशोर म्हणतो, बाबांना कळू देऊ नका. सुंदराही तेच म्हणते. मी दोघांचे मानलेले नाही. आजार आपला आहे, तेव्हा ऐकण्याचा पहिला मान आपला. आपले उत्तर येईपर्यंत रिपोर्टाविषयी एक शब्दही लिहिणार नाही.

आपला स्नेहांकित,
शालिकराम

ता. क. — सुंदराने पत्र वाचून घेतले. म्हणते, "रिपोर्ट चांगला असता तं येवळे पानं कायले लागले असते? समजलं दादाले. आता सांगून टाका." तिचे म्हणणे योग्य दिसते. तरी कळवतो, की कर्करोग आहे. लहान आहे, वेळेत सापडला आहे आणि शस्त्रक्रियेने निघेल असा डॉक्टरांना भरवसा आहे. सोमवारी सकाळच्या एस.टी.ने यावे. तंबाखूची डबी आणू नये. मी स्टँडवर उभा असेन.

आणखी एक ता. क. — इतके सांगून झाल्यावर सांगणाऱ्याने काही काळ गप्प बसावे, असे मॅडम म्हणतात. पत्रात ते कसे करावे हे त्यांनी शिकवले नाही, म्हणून खाली अर्धे पान कोरे सोडले आहे.