काकांच्या कागदी खुणा

३ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं खोकं गेल्या आठवड्यातच सुखरूप पोचलं. पोस्टमनने दारात ठेवताना कंबर धरली आणि आत विटा आहेत का म्हणून विचारलं. मी म्हटलं, काकांची तरुणपणाची सगळी मिळकत आहे. बेचाळीस रेकॉर्डी, एकही फुटलेली नाही. काकूच्या जुन्या गाऊनमध्ये एवढं छान गुंडाळून पाठवल्याबद्दल गाऊनचे आभार. काकूला विचारलं होतंत ना? का माझ्यावर ढकलणार आहात?

लहानपणी या मोठ्या रेकॉर्डी बघून मला वाटायचं, एवढ्या मोठ्या तबकडीवर एका बाजूला एकच गाणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. आता स्वतःच दुकानं धुंडाळून त्या जमवते, तेव्हा कुठे अक्कल आलीय. तेच गाणं नाचणाऱ्यांसाठी ताणून दुप्पट केलेलं, मधे गाणारी बाई गप्प आणि नुसता ठेका. तुमच्याकडच्या निदान दहा तरी मी फक्त यादीत वाचल्या होत्या.

दिवसभर ऑफिसात लोकांच्या जुन्या भाषणांतले खोकले काढते आणि संध्याकाळी घरी येऊन तुमच्या गाण्यांतली खरखर. आधी रेकॉर्ड धुवायची, वाळवायची, मग वाजवून कॉम्प्युटरमध्ये घ्यायची आणि एकेक टकटक वेचून काढायची. तांदळातले खडे काढण्यासारखंच आहे, फक्त पाठ जास्त दुखते. एक गंमत सांगा. तुमच्या प्रत्येक रेकॉर्डीला सुरुवातीच्या ठेक्यापाशी दोन-तीन सेकंद जोरात खसखस आहे. बाकी अंग स्वच्छ आणि तिथेच झिजलेली. काय करत होतात तिथे?

आणि शाबासकी द्या. कुणीतरी सगळ्या रेकॉर्डींवर पांढऱ्या कागदाचे बारीक तुकडे चिकटवून ठेवले होते, मधल्या लेबलावर आणि काळ्या भागावरसुद्धा. दुकानदाराच्या किमतीच्या पट्ट्या असणार. स्पिरिट लावून, नखाने, चार संध्याकाळी बसून मी एकूण एक सोडवले. डिंकाचा डागही ठेवला नाही. आता रेकॉर्डी अशा चमकतायत की त्यात बघून भांग पाडावा. वीस तारखेपर्यंत परत पाठवते.

काकूला साष्टांग. गाऊन धुऊन पाठवीन.

तुमची,
बारकी


९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. खोकं फुटलं नाही हे वाचून बरं वाटलं. पुढचं वाचून खुर्चीत बसलो.

ते कागद दुकानदाराचे नव्हते, माझे होते. नाचघरात वाजवताना एक गाणं संपत आलं की दुसरं त्याच्या ठेक्यात ठेका मिसळून सुरू करायचं असतं. मधे श्वासाएवढीसुद्धा फट पडली तर लोक खुर्च्यांकडे वळतात. सुई नेमक्या रेघेत पडावी म्हणून काळ्यावर एक खूण आणि तबकडी नेमकी कुठे धरून सोडायची त्यासाठी लेबलावर एक. तेरा वर्षं लागली त्या लावायला.

तुला सांगितलं नव्हतं, कारण जमेल की नाही याची मलाच खात्री नव्हती. आमचं नाचघर ज्यांनी गाजवलं ती मंडळी तेवीस मार्चला दुपारी चारला तिथेच पुन्हा जमतायत. हॉलच्या व्यवस्थापकाने मला वाजवायला बोलावलंय आणि मी हो म्हणून बसलो. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर एक रेघ काढून दाखवली होती, ती अर्ध्यावर जाऊन जिन्यावरून पडावी तशी खाली पडते. त्यापुढचं मला ऐकू येत नाही. ठेका पायातून कळतो, पण तो कुठे सुरू होतो ते हेडफोनमधून आता कळत नाही. म्हणून म्हटलं, कान गेले तर गेले, डोळे आहेत. खुणा बघून वाजवीन. त्याआधी रेकॉर्डी जरा स्वच्छ व्हाव्यात म्हणून तुझ्याकडे पाठवल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

व्यवस्थापकाला नाही म्हणून कळवतो. भरल्या हॉलसमोर चाचपडत बसण्यापेक्षा ते बरं. तुझा दोष नाही, मीच सांगायला हवं होतं. तू आपली गाणी स्वच्छ कर, तुझ्याकडेच राहू देत. मला त्यांचा आता उपयोग नाही.

गाऊनबद्दल तुझ्या काकूला विचारलं नव्हतं.

तुझा,
काका


११ फेब्रुवारी

चि. बारके,
आशीर्वाद आणि एक धपाटा.

हे पत्र तुझ्या काकांना न सांगता लिहितेय. त्यांना फोनवर ऐकू येत नाही म्हणून ते पत्रं लिहितात आणि ते माझं चोरून ऐकतात म्हणून मी फोन करत नाही. ऐकू येत नाही असं सगळ्यांना सांगायचं, पण मी माहेरच्यांशी काय बोलले ते बरोबर ऐकतात.

तुझं पत्र आल्यापासून घरात सुतक असल्यासारखं आहे. गेला महिनाभर हा माणूस जेवणाच्या टेबलावर दोन ताटल्या उपड्या ठेवून बोटांनी फिरवत सराव करत होता. आमटी वाढायला गेले तर म्हणे, थांब, ही वाजतेय. मी वैतागायचे, पण खरं सांगू का, पाच वर्षांत त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. कान गेल्यापासून चार लोकांत बसत नाहीत. समोरचा काय म्हणाला ते कळत नाही, मग नुसते हसतात आणि घरी येऊन स्वतःवरच चिडतात. या एका दुपारी तरी त्यांना कुणाचं काही ऐकायचं नव्हतं, लोकांनी त्यांचं ऐकायचं होतं. काल ताटल्या मांडणीत गेल्या.

व्यवस्थापकाला नकाराचं पत्र लिहून पाकीट टेबलावर ठेवलंय. पोस्टाची तिकिटं मी लपवली आहेत. पण पोस्ट काही फार लांब नाही, कधीतरी उठून जातीलच. तेव्हा तुला जे काय करता येईल ते कर आणि लवकर कर. रडत बसू नकोस. तू रडत असशील हे मला माहीत आहे.

गाऊन माझा आवडता होता.

तुझी,
काकू


१९ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

आधी माफी मागते, मग बातमी सांगते. तुमचं पत्र वाचून माझं कामातलं लक्ष असं उडालं की ऑफिसात एका पुढाऱ्याच्या भाषणातला खोकला ठेवला आणि वाक्य काढून टाकलं. दोन दिवस कचऱ्याच्या पिशवीत डोकं घालून बसले होते. तुमच्या खुणांचे ऐंशी-नव्वद कपटे सापडले, पण कुठला कुठे होता ते काय कळणार? देवाने मला एवढं नेटकेपण का दिलं, कुणास ठाऊक.

तिसऱ्या दिवशी चहा गाळताना एकदम उजेड पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तुम्हाला विचारलं होतं ना, प्रत्येक रेकॉर्ड सुरुवातीच्या ठेक्यापाशी का झिजलीय? तुम्ही सुई तिथे ठेवून तबकडी हाताने पुढे-मागे, पुढे-मागे करून जागा शोधत होतात. तेरा वर्षं, रोज, त्याच रेघेत. कागद मी सोडवले, पण ती झीज कुठल्या स्पिरिटने जाणार? मळ धुता येतो, झीज नाही.

स्वच्छ केलेल्या गाण्यांतून ती खसखस मी काढून टाकली होती. पण काहीही हात लावण्याआधीची मूळ नक्कल मी नेहमी वेगळी ठेवते, ही ऑफिसातली सवय. त्या सगळ्या नकला पुन्हा उघडल्या. खसखस कुठे सुरू होते तो क्षण टिपला, मग रेकॉर्ड लावून त्याच क्षणी तबकडी बोटाने थांबवली आणि सुईच्या पुढ्यात नवा कागद लावला. एक काळ्यावर, एक लेबलावर. पाच दिवस रजा काढली होती. साहेबांना सांगितलं, काकांची तब्येत बरी नाही. तसं खोटंही नव्हतं.

बेचाळिसांपैकी चाळीस परत पाठवतेय असं म्हणणार होते, पण सगळ्याच पाठवतेय. अडकलंय ते एकाच ठिकाणी. निळ्या लेबलाचं जे गाणं आहे, त्याच्या तुमच्याकडे दोन प्रती आहेत. दोन्हींना सुरुवातीला झीज आहे, तिथे खुणा लावल्या. पण दोन्हींवर बरोबर मधोमध, नुसत्या ढोलाचा तुकडा सुरू होतो तिथे, आणखी एक झीज आहे आणि ती सगळ्या खोक्यात सर्वांत खोल आहे. सुई अक्षरशः उडी मारते. मी सोडवलेल्या कागदांत तिथला एकही नव्हता, हे मला नक्की आठवतंय. तिथे काय करत होतात? खूण लावू का नको, ते कळवा. तोवर जागा मोकळी सोडलीय.

खुणा आधी घरी तपासून बघा. चुकल्या असतील तर मला पोटभर बोला, पण ते पाकीट टाकू नका. पाकिटाचं मला कसं कळलं ते विचारू नका.

तुमची नालायक,
बारकी


२ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

खोकं आलं. चार दिवस काही लिहिलं नाही, कारण एकेक रेकॉर्ड खुणेवरून सोडून ठेका पायात लगेच पडतो का ते बघत होतो. एकोणचाळीस अचूक. दोन केसभर पुढे होत्या, त्या सरकवल्या. एक तर माझ्या मूळ खुणेपेक्षा बरी लागलीय. ती मी घाईत लावली होती आणि नंतर आळस केला होता.

तुझ्या काकूने ताटल्या मांडणीतून काढून दिल्या. पाकीट तिने फाडलं. तिकिटं तिच्या शिवणाच्या डब्यात सापडली.

माझी झीज तुला कॉम्प्युटरवर दिसली हे वाचून जरा विचित्र वाटलं. आपण काय करत होतो हे कुणी बघत नाही, असं माणूस धरून चालतो. असो. कामात तू माझ्यापेक्षा चिवट निघालीस आणि ते मला आवडलं. निळ्या लेबलाची जागा मोकळीच राहू दे, तिथे कधी कागद लागला नाही.

इथे सगळे ठीक. तेवीस तारखेची धास्ती वाटते.

तुझा,
काका


२५ मार्च

चि. बारके,
खूप खूप आशीर्वाद.

तुला रजा मिळाली नाही याचं वाईट वाटलं, पण मन लावून वाच, सगळं सांगते. दीडशेच्या वर माणसं आली. निम्म्यांचे गुडघे आणि निम्म्यांची कंबर, पण नटून आली होती. तुझे काका स्टेजच्या कोपऱ्यातल्या टेबलामागे उभे. चेहरा इस्त्री केल्यासारखा. पहिल्या गाण्यातून दुसऱ्यात गेले तेव्हा मी लोकांच्या पायांकडे बघत होते. लोक नाचतच राहिले. तुझे कागद, त्यांचे डोळे. दीड तास एकदाही कुणी खुर्चीकडे वळलं नाही.

मग त्यांनी निळ्या लेबलाचं लावलं. आता तुला एक सांगते. तुझी पत्रं मीच आधी उघडते. त्यामुळे मधोमध झीज का, हा तुझा प्रश्न मी वाचला होता आणि त्यांना चारदा विचारलंही होतं. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

मी त्या नाचघरात जायला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. बाकी गाण्यांना भिंतीपाशी उभी असायचे, लाजायचे. फक्त त्या गाण्यात ढोलाचा तुकडा आला की मधे जायचे आणि तो संपला की परत भिंतीपाशी. केवढा लांब तुकडा होता तो! लग्नानंतर घरी तेच गाणं लावलं, तर तो चुटकीसरशी संपला. मी म्हटलं, घरचं मशीन जोरात पळतंय. दोनदा मी त्यांच्याकडून मशीनचा पट्टा बदलून घेतला. त्यांनी निमूटपणे दोन्ही वेळा बदलला.

परवा तो तुकडा सुरू झाला आणि मी उठले. गुडघे नको म्हणत होते. तुकडा संपायला आला आणि मी स्टेजकडे बघितलं, आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हा मी कधी वर बघायचेच नाही. तर हा माणूस दुसरी प्रत त्याच जागी धरून उभा. पहिलीवरचा तुकडा संपला की दुसरी सोडायची आणि तेवढ्यात पहिली हाताने उलटी फिरवून मागे न्यायची. मग पुन्हा. मी नाचतेय तोवर. बारके, गाणं लांब नव्हतंच गं. चाळीस वर्षं मला वाटत होतं की गाणं लांब आहे.

खूण नव्हती ना तिथे. पूर्वी त्यांचे कान होते, म्हणून दोन प्रतींमधला सांधा कधी जाणवला नाही. परवा दर वेळी जाणवला. ठेका अडखळायचा, खट्ट व्हायचं, मग पुढे जायचा. सहा वेळा. बाकीचे हसत हसत पाय जुळवून घेत होते. मला रडू येत होतं आणि मी नाचत होते.

घरी येताना त्यांनी मला विचारलं, "सांधा ऐकू आला का?"

मी म्हटलं, "नाही."

ते खूश झाले. रस्ताभर बोटांनी ठेका धरून चालत होते.

व्यवस्थापकाने सगळी दुपार टेप केलीय, ती सोबत पाठवतेय. बाकी तुला काय घासायचं, पुसायचं, खोकले काढायचे ते काढ. पण त्या सहा जागांना हात लावशील तर याद राख.

त्यांचे आशीर्वाद, आणि माझे थोडे जास्त. पत्र लिहीत जा, म्हणजे आम्ही दोघं आलटून पालटून चोरून वाचू.

तुझी,
काकू