तीन दिवसांत उत्तर

मी खाली सही करणार, वय एकोणऐंशी, पाच वेळा आमदार व एकदा मंत्री राहिलेला, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडं येतं, पण डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे.

१. भाषणांचा काळा कोट धाकट्या भावास द्यावा. माझ्याविरुद्ध तीनदा उभा राहिला, तीनदा पडला आणि दर वेळी निकालानंतर माझ्याच घरी जेवायला आला. कोट त्याला ढगळ होईल. आत घेऊन खुशाल वापरावा, भाषण मात्र करू नये.

२. मनगटी घड्याळ माझ्या स्वीय सहायकास. त्याने तीस वर्षं माझा नियम पाळला: प्रत्येक पत्राला तीन दिवसांत उत्तर. या नियमाच्या जोरावर मी निवडणुका जिंकलो. पत्रं तो वाचायचा, ठरावीक मजकूर टाइप करून माझ्या सहीचा शिक्का मारायचा. पुढे घडलं त्याचा दोष त्याच्यावर ठेवू नये.

३. राहतं घर व बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीस. ती अकरा वर्षं माझ्याशी बोललेली नाही. तिची आई शेवटच्या आजारात तिच्याकडे होती. फोनवर "साहेब मीटिंगमध्ये आहेत" ऐकून पोर थकली आणि तिने कार्यालयात पत्र टाकलं: "बाबा, आई सारखी दाराकडे बघते. एक दिवस तरी या." मतदारसंघात मला सगळेच बाबा म्हणत, सासरचं आडनाव सहायकाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्याच दिवशी उत्तर गेलं: "आपले पत्र मिळाले. योग्य कार्यवाहीसाठी आरोग्य विभागाकडे पाठविले आहे." खाली माझी सही.

आठवड्यात ही, तिची आई, गेली. दोन महिन्यांनी ते पत्र विभागाकडून शेरा घेऊन परत आलं: "रुग्ण मयत. प्रकरण निकाली." तेव्हा मी ते पहिल्यांदा वाचलं. मला फार लाज वाटते.

४. सभागृहात माझ्यासाठी शोकप्रस्ताव आणू नये. इतरांवर मी शेकडो वेळा बोललो. हिच्यासाठी एक वाक्य सुचलं नाही.

५. सहीचा शिक्का मी काल फोडला. मुलीचं पत्र कपाटात आहे, ते तिला परत द्यावं. सोबत हे उत्तर द्यावं:

बाळ, तुझं पत्र मिळालं. मी आत्ताच निघतो, संध्याकाळपर्यंत पोचतो. आईला सांग.

सही (स्वहस्ते)

साक्षीदार: १. डॉक्टर २. स्वीय सहायक. सही आमच्यासमोर हाताने केली.
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: बारा मार्च