चार बोटं डावीकडे

युसूफ वडगाव,
माघ शुद्ध पंचमी, शके १८९३
(तुमच्या दुकानातल्या कॅलेंडरात जानेवारी १९७२)

प्रिय सुंदरराव यास बसप्पाचा नमस्कार.

इकडे सर्व कुशल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचून तुझं मत बदललं तर रीतीला दोष देऊ नकोस. आमच्या सौ. महादेवीची कंबर दुखतेय तशीच. शाळा चालू आहे. मोठी मुलं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली, त्यामुळे माझ्या संस्कृतच्या वर्गात दोघंच उरली आहेत. द्विवचन मात्र यंदा अगदी पक्कं झालं. तुझ्या आई, तुळजाकाकू, बऱ्या आहेत. आबाही बरे.

वडिलांचं नाव आलं की तू ती ओळ गाळून वाचतोस, हे मला ठाऊक आहे. यावेळी गाळू नकोस, काम त्यांचंच आहे. त्यांना रायफलीवर बसवायला दुर्बीण हवी आहे. तू हैदराबादेत चष्म्याच्या काचा घासतोस आणि बंदूकवाल्यांची दुकानं तुझ्या शेजारच्या गल्लीत आहेत, एवढ्या भांडवलावर हे काम तुझ्याकडे आलं आहे.

सोसायटीची नदीकाठची विहीर आठवते ना? न आठवून कसं चालेल. ती तिथेच खोदावी म्हणून तू चेअरमनच्या, म्हणजे स्वतःच्या बापाच्या विरोधात पॅनेल उभं केलंस, सपाटून पडलास आणि पिशवी उचलून निघून गेलास. तू गेल्यावर आबांनी ती विहीर तू म्हणत होतास तिथेच खोदली. हे तुला कोणी कळवलं नसेल. आज आसपास पाणी आहे ते तिलाच. तिच्यावर सभासदांच्या बैलांसाठी कडवळ आणि मका केला आहे, आणि तेवढाच हिरवा तुकडा बघून मांजरेच्या पात्रातली सगळी रानडुकरं सभासद व्हायला निघाली आहेत. गाव तिला सुंदररावची विहीर म्हणतं. आबा सोसायटीची म्हणतात.

राखणीला आश्रुबा असतो. दिवस कलला की स्वतः चेअरमन जातात, ती जुनी अमेरिकी रायफल घेऊन. निजामाच्या जंगलखात्यातला साहेब बदलून जाताना देऊन गेला तीच. खालचं हँडल ओढून परत दाबलं की दुसरं काडतूस चढतं. लहानपणी तू मला तिला हात लावू दिला नव्हतास. तराजूवाल्याच्या पोराला काय कळतंय, म्हणाला होतास. आता त्याच पोराला तिच्यासाठी पत्र लिहावं लागतंय, आणि तेही सात पिढ्यांत कोणी अंडं न फोडलेल्या घरातून.

परवा सभेत दुर्बिणीचा ठराव झाला, एकमताने. सेक्रेटरी राधाकिशन झोपले होते, त्यांना उठवून सूचक केलं. दुर्बीण कशी हवी ते आबांनी नीट सांगितलं. फार मोठं दाखवणारी नको, डुक्कर काही लांब चौसाळ्याहून येत नाही. पण दिवस बुडतानाही उजेड ओढणारी हवी, आणि आतली फुली जाड हवी. इतकी जाड कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, बारीक फुली शहरातल्या शौकिनांना, आम्हाला ठळकच बरी. संस्कृतात हिला दूरेक्षणी म्हणता येईल, असं मी सुचवून पाहिलं. त्यावर म्हणाले, नाव ऐकूनच डुकरं पळाली तर खर्च वाचेल.

बाकी विशेष नाही. मळ्यातल्या खांबावर टांगलेल्या आश्रुबाच्या घोंगडीला भोक पडलं. उंदरानं कुरतडली असं ठरलं आहे.

काकूंनी हल्ली एक नवीनच काढलंय. आबांच्या ताटात भाजी, आमटीची वाटी, सगळं डाव्या बाजूला वाढतात. एरवी लिंबाची फोड उजवीकडे पडली तरी ताट सरकवणारे आबा मुकाट्यानं जेवतात. म्हातारपणी माणसं सुधारतात म्हणायची.

उत्तर लवकर लिही. आबांनी विचारलंय असं समजू नकोस. ते फक्त रोज टपाल कधी येतं ते विचारतात.

तुझा,
बसप्पा


युसूफ वडगाव,
फाल्गुन शुद्ध तृतीया

प्रिय सुंदर,

पार्सल पोचलं. अडीच पट मोठं दाखवणारी, कुठल्याशा नवाबाच्या शिकारखान्यातली जर्मन दुर्बीण, आणि सोबत तुझी सूचनांची चार पानं. मी आजवर भाष्यं पुष्कळ वाचली, पण मूळ ग्रंथाहून एवढं लांब भाष्य पहिल्यांदा पाहिलं. डोळा काचेपासून चार बोटं लांब ठेवावा, नाहीतर बार उडताच भुवई फुटेल, हे मी आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोरगं घासतंय काचा पण बोलतंय वकिलावानी. यात राग नव्हता. मी दोनदा ऐकलंय, राग नव्हता.

आता एक कबूल करायला हवं, म्हणजे तू हसशील. मधल्या कार्डात तू विचारलं होतंस की रायफलीतून रिकामी पुंगळी कुठून बाहेर पडते ते बघून कळव. मी कळवलं, बंदुकीतून. मला तो प्रश्न वेंधळा वाटला. तू त्यावर पुन्हा काही विचारलं नाहीस, मला वाटतं तू हताश झाला असशील.

बसवायचं काम सिदूकडे दिलं. हा साखर कारखान्यातला फिटर. उसाअभावी गाळप लवकर आटोपलं म्हणून रिकामा होता. यानं आजवर पंप, चाळण्या आणि एकदा बँडवाल्याचा कर्णा दुरुस्त केलाय, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. त्यानं रायफलीच्या पाठीवर बरोबर मध्यभागी पट्टी ठोकून वर दुर्बीण आवळली. दिसायला देखणं झालं होतं. राधाकिशन म्हणाले, मंत्र्याच्या हातात शोभेल. सगळे मिळून विहिरीच्या बांधावर गेलो, मातीच्या ढिगाऱ्यावर मडक्याची खापरी ठेवली, आणि बार सिदूनंच काढला.

बार झाला. सिदूनं हँडल ओढलं. पुंगळी टुणकन वर उडाली, दुर्बिणीच्या पोटावर आपटली आणि परत आत पडून आडवी अडकली. या रायफलीची पुंगळी पाठीतूनच वर पडते. हे आबांना चाळीस वर्षं ठाऊक, तरी ते पट्टी ठोकताना गप्प बसून होते. मी विचारलं, सांगितलं का नाहीत? तर म्हणाले, 'शिकलेली मान्सं कामाला लागल्याली, आपुन कावून मधी बोलावं?' आणि हसले. सुंदर, किती महिन्यांनी हसले ते काकूंना विचार. त्या पदर तोंडाला लावून घराकडे वळल्या.

मग सिदूनं पट्टी काढली, रायफलीच्या डाव्या कुशीला भोकं पाडून आटे पाडले आणि दुर्बीण बाजूला बसवली, म्हणजे पुंगळीला वर जायला वाट राहते. तू पानभर लिहिलं होतंस तेच. बाजूला बसवल्यावर नळीची रेघ वेगळी आणि काचेची वेगळी होते, दोन्ही एका ठराविक अंतरावरच भेटतात, हेही तू लिहिलंयस. वाचताना मला बापलेकच आठवले, पण ते जाऊ दे.

दुर्बीण बसली, तरी आबांना पटेना. अजून डावीकडं घे म्हणाले. सिदूनं नवी पट्टी केली. अजून डावीकडं. सिदू वैतागलाय, म्हणतो, एवढी डावीकडं नेली तर शेजारच्या माणसाला दिसंल.

तू विचारतोस, आबांना दुर्बीण हवीच कशाला, दुर्बीणवाल्या शिकाऱ्याला तर ते चोरून बघणारा म्हणायचे. वयानुसार माणूस बदलतो. मीही आता चहात आलं घालतो.

डुकरं मजेत आहेत. आबा रोज संध्याकाळी मळ्यात जाऊन बसतात, पण त्या घोंगडीच्या दिवसापासून त्यांचा एकही बार ऐकू आला नाही. काडतुसं महाग झाली म्हणतात.

तुझा,
बसप्पा


युसूफ वडगाव,
फाल्गुन वद्य द्वितीया

प्रिय सुंदर,

यावेळी कुशल लिहीत नाही.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सिदूनं तिसरी पट्टी आणली. दुर्बीण नळीपासून चांगली चार बोटं डावीकडे गेली. आबा मळ्यातल्या बाजेवर बसले होते. त्यांनी दस्ता उजव्या खांद्याला लावला, गाल टेकवला, आणि म्हणाले, आता जमलं. मी समोरच उभा होतो. ते डाव्या डोळ्यानं बघत होते. उजवा मिटलेला नव्हता. उजवा उघडा होता, माझ्याकडे रोखलेला, आणि मी हात हलवला तरी तो हलला नाही.

मी एवढा शिकलेला, आणि महिनाभर त्यांच्या पंक्तीला बसून डावीकडे वाढलेल्या भाजीवर विनोद करत होतो.

सिदूला मी चहा सांगायला पाठवलं. आश्रुबा तिथंच होता, तोही उठला आणि मला बांधापलीकडे घेऊन गेला. घोंगडी त्याच्या खांद्यावरच होती. त्यानं ती पसरून भोक दाखवलं. म्हणाला, 'उंदीर न्हवता मास्तर. त्या दिशी म्या ह्येच घोंगडं पांघरून खांबाला टेकून बसलो हुतो. तहान लागली म्हून घोंगडं खांबावर टाकून हिरीवर गेलतो. आबान्ला खांबापाशी काळं दिसलं.' हे त्यानं बायकोलाही सांगितलेलं नाही. आबांचं नाव जाईल, आणि आबांचं नाव गेलं तर सोसायटी राधाकिशनच्या झोपेवर चालेल, एवढा विचार त्यानं केला होता. फक्त आता संध्याकाळी मळ्यात बसायला त्याची छाती होत नाही, आणि नाही म्हणायलाही होत नाही. मास्तर, तुमीच काय ते बघा, म्हणाला.

मी परत येऊन आबांच्या शेजारी बाजेवर बसलो. संस्कृतात वडीलधाऱ्याला कठीण गोष्ट विचारायच्या पुष्कळ सभ्य तऱ्हा आहेत. मला एकही आठवली नाही. मी सरळ विचारलं, आबा, उजवा डोळा कधी गेला?

ते बराच वेळ हँडल खालीवर करत राहिले. मग सांगितलं. पावसाळ्यातच अंबाजोगाईला डॉक्टरला दाखवून आले होते. आम्हाला सांगितलं होतं, खताच्या कोट्यासाठी गेलो म्हणून, तेव्हा. काचबिंदू आहे. उजवा संपला. डावा औषधानं जितका टिकेल तितका. गेलेलं परत येत नाही. कसं दिसतं, मी विचारलं. म्हणाले, नळीतनं बघितल्यासारखं, कडंचं समदं अंधारलंय. मग स्वतःच म्हणाले, मंजी दुर्बिणीची सवय आदीच झाली.

घोंगडीचं त्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी आश्रुबा बैल सोडायला गेला तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन चाचपली आणि भोकात बोट घातलं. त्या दिवसापासून रायफल भरलेली नाही. रोज संध्याकाळी रिकामी रायफल घेऊन सगळ्या गावासमोरून जातात आणि रिकामी घेऊन येतात. आश्रुबाला तेवढं सांगायचं मात्र त्यांना जमलं नाही. मी जाऊन सांगितलं. त्यानं घोंगडी झटकून पुन्हा खांद्यावर टाकली.

परत येऊन मी म्हणालो, आबा, बार काढायचा नव्हता तर ठराव, पार्सल, तीन तीन पट्ट्या, हे कशासाठी?

'दुर्बिनीसाठी कुनाला लिवलंस, शास्त्री?'

सुंदरला, मी म्हणालो.

'मग.'

त्यांनी पुन्हा दस्ता खांद्याला लावला आणि डाव्या डोळ्यानं फाट्याच्या बाजूला बघत राहिले. सकाळी हैदराबादहून सुटलेली गाडी यायची वेळ होती. म्हणाले, 'यस्टी थांबल्याली दिसली. कोन उतरलं ते न्हाई दिसलं.'

मग रायफल माझ्या मांडीवर ठेवली. सुंदर, इतक्या वर्षांनी तिला माझा हात लागला; जड आहे. म्हणाले, 'ही पट्टी काढा. माझ्या डोळ्याला नका जुळवू. सुंद्याच्या डोळ्याला बसंल तशी बसवा. सुंद्याची हीर हाय, त्यानंच राखावी.'

सुंद्याची हीर. हे त्यांच्या तोंडून ऐकणारे आम्ही दोघंच, मी आणि बांधाच्या पलीकडे उभा असलेला आश्रुबा. आश्रुबाचं तोंड मी धरलंय. गावात उद्यापर्यंत कळणार नाही, परवाचं सांगता येत नाही.

हे तुला कळवायचं नाही, असं आबांनी बजावलं आहे. डोळ्याचं तर मुळीच नाही. बजावून झाल्यावर, घरी येऊन हैदराबादचं टपाल कुठल्या वेळी निघतं ते विचारलं आणि कोनाड्यातली दौत माझ्यापुढे सरकवली. काकू दारात उभ्या होत्या. त्या सगळं पहिल्यापासून जाणतात. त्यांनी ते ताटात मांडून दाखवलं, वाचता आम्हाला आलं नाही.

सिदूनं पट्टी काढून ठेवली आहे. तो म्हणतो, ज्याच्या डोळ्याला जुळवायची तो माणूस समोर पाहिजे, तोवर स्क्रू आवळण्यात अर्थ नाही. त्याचं आजवरचं हे एकच म्हणणं मला पूर्ण पटलं. तू चार पानं काय, चाळीस लिहिलीस तरी डोळा काही टपालानं येत नाही.

तू भांडून गेलास तेव्हा तुझी बाजू बरोबर होती. पाण्याची तर होतीच. आता ती सिद्ध करून दाखवावी असं समोर कोणी उरलं नाही, सगळं गाव तुझ्याच विहिरीचं पाणी पितं. त्यामुळे तेवढ्यासाठी येऊ नकोस. बघण्यासाठी ये. तू त्यांना बघावंस यासाठी नव्हे, त्यांनी तुला बघावं यासाठी, आणि ते किती दिवस जमेल ते डॉक्टरही सांगत नाही.

फाट्यावर उतरलास की घाई करू नकोस. रस्त्यावर जरा उभा राहा. ते मळ्यातून दुर्बीण लावून बसलेले असतील. आता ती नुसती हातात धरतात. रायफल घरात खुंटीला आहे आणि रिकामी आहे, मी रोज बघतो, आणि मला आता हँडल ओढता येतं. लांबून हात करू नकोस, दिसणार नाही. बांधावरून चालत ये, आणि जवळ आलास की त्यांच्या डावीकडून ये.

वाट बघणाऱ्यांतला सर्वांत चांगल्या नजरेचा,
बसप्पा