घराची सद्यस्थिती

लाडक्या जेनिस,

हे पत्र तुला पाठवणार नाही, नाहीतर रविवारी टेम्पो घेऊन येशील आणि मला गोराईतून उचलून कांदिवलीच्या तुझ्या फ्लॅटमध्ये नेऊन बसवशील.

ज्येष्ठांना घरदुरुस्तीसाठी सरकारी मदत मिळते, त्याचा माझा अर्ज नामंजूर झाला. अर्जात 'घराची सद्यस्थिती' असा रकाना होता. शाळेपासून कवितेत रमलेला माणूस मी. लिहिलं, 'कौलांच्या फटींतून चांदणे अलगद अंथरुणावर उतरते.' साहेबांनी शेरा मारला, 'नैसर्गिक प्रकाश उत्तम. दुरुस्तीची गरज नाही.'

डोकंच फिरलं! दुखरे गुडघे घेऊन बोटीने खाडी ओलांडली, ऑफिस गाठलं.

"अहो, चांदणं येतं तिथून पाणीपण येतं ना!"

"मग काका, तसं लिहायचं ना! इथे काय कविसंमेलन आहे?" टेबलामागच्या मुलीने नवा अर्ज पुढे सरकवला. "आणि आज शेवटची तारीख आहे हां."

पावसाळा तोंडावर, तुझा टेम्पो डोळ्यांपुढे. काय करणार? दात-ओठ खात लिहिलं, 'छप्पर गळते.'

इतकं रुक्ष मराठी मी आयुष्यात लिहिलं नव्हतं गं. आणि ती मुलगी वाचून म्हणते कशी, "बघा, आता कसं झकास लिहिलंत!"

तुझा वैतागलेला,
पप्पा