बेलिफाच्या मुलीचा नेमणुकीचा कागद

अण्णा,

आजही काही आलं नाही. सकाळी कोर्टात जायच्या आधी एकदा, दुपारच्या सुट्टीत एकदा आणि घरी आल्यावर चपला काढायच्या आधी एकदा, असं दिवसातून तीनदा मी मोबाइलवर वेबसाइट उघडून बघते. कुठल्यातरी जिल्ह्यातल्या शिपायांच्या भरतीची सूचना असते, झेरॉक्स मशिनची निविदा असते, सुट्ट्यांची यादी असते. आमच्या परीक्षेचं काही नसतं. मी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसले होते, अण्णा. पूर्व, मुख्य, मुलाखत, सगळं पार पडलं. मुलाखत होऊन वर्ष उलटून गेलं. यादी लागली, त्यात नाव आलं, आईने गल्लीत पेढे वाटले. मग वैद्यकीय तपासणी झाली, पोलिसांची चारित्र्य पडताळणी झाली, आणि त्यानंतर जे सगळं थांबलं ते थांबलंच. कुणी म्हणतं यादीला कुणीतरी आव्हान दिलंय, कुणी म्हणतं फाइल वर गेलीय, कुणी म्हणतं दिवाळीनंतर होईल. कोणत्या दिवाळीनंतर ते कुणी सांगत नाही. यादी रद्द झाली तर मला पुन्हा अर्ज करता येणार नाही, वयाची मर्यादा मुलाखतीनंतर दोनच महिन्यांनी ओलांडली. म्हणजे हे आहे ते एवढंच आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला होते, नांदेडला. मला सनद मिळाली, लातूरला वकिली सुरू केली, आईला नायगावहून इकडे आणलं, यातलं तुम्ही काहीच पाहिलं नाही. लग्न केलं नाही, त्याचं कधीतरी वेगळं सांगेन. वकिली बरी चालली होती. फार नाही, पण मोटार अपघाताचे दावे, वाटणीचे दावे, पोटगीची प्रकरणं, सकाळी टेबलाशी दोन-चार माणसं उभी असायची. यादी लागली आणि ती माणसं एकेक करून कमी झाली. त्यांची चूक नाही. ‘म्याडम, तुमी आता जज होनार, आमची केस आर्ध्यात ऱ्हायली तर?’ असं एका म्हाताऱ्याने मला सरळ विचारलं आणि कागद परत मागून घेतले. मी पिशवीत घालून दिले. नवीन वकीलपत्र मीही घेत नाही, कारण उद्या नेमणुकीची ऑर्डर आली तर त्या माणसाला मध्येच सोडावं लागेल. बार रूममध्ये शिरले की कोपऱ्यातून हटकून आवाज येतो, ‘उठा रे, साहेब आल्या!’ पहिले दोन महिने मी हसायचे. आता ते सवयीने म्हणतात आणि मी सवयीने खुर्ची ओढते. ना वकील, ना न्यायाधीश, अशी मी अकरा महिने त्या खुर्चीवर बसून राहिलेय आणि खरं सांगते, कंटाळा आलाय. अभ्यासाचा कधी आला नव्हता एवढा या बसण्याचा आलाय.

आई रोज विचारते. ‘आलं का गं काई?’ मी नाही म्हणते. मग ती म्हणते, ‘यील. तुज्या अण्णानी येवढ्या लोकायच्या घरी कागद पोचवले, आपल्या घरी एक न्हाई का यायचा?’ तिला हे मोठं न्याय्य वाटतं. मी तिला सांगत नाही की लोकांच्या घरी तुम्ही पोचवलेला एकही कागद कुणाला हवा नव्हता.

पडताळणीसाठी पोलीस शिपाई नायगावच्या पत्त्यावर गेला होता, कारण अर्जावर कायमचा पत्ता तोच आहे. आपल्या शेजारच्या काकूंनी त्याला ओसरीवर बसवून चहा पाजला आणि लगेच मला फोन लावला. ‘म्या सांगितलं त्याला, बेलिफाची पोरगी का? हाव, लई सरळ हाय. तिचा बापबी सरळ व्हता, त्याच्यापायीच तर बदली झाली त्याची.’ त्या शिपायाने तेवढं सगळं काही लिहून घेतलं नसणार. पण वडिलांचा व्यवसाय या रकान्यात त्याने ‘बेलिफ, मयत’ असं लिहिलं, हे काकूंनी पाहिलं. तो रकाना मला टोचला. का ते पुढे येईल.

मला तुमचं काम आवडत नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. समन्स घेऊन जाणारा, जप्ती आणणारा, दार वाजवलं की आतली बाई पोराला ‘घरी न्हाईत म्हनून सांग’ म्हणते, असा माणूस माझा बाप आहे याची मला शाळेत लाज वाटायची. मी नववीत असताना तुम्ही आमच्या गणिताच्या सरांवरचं समन्स घेऊन थेट शाळेत आला होता. भावाभावांच्या वाटणीचा दावा होता. सर फळ्यापाशी उभे, हातात खडू, आणि दारात तुम्ही, खाकी पिशवी खांद्याला. सरांनी सही केली, हात पुसले आणि त्यानंतर वर्षभर मला एकही गणित विचारलं नाही. घरी येऊन मी तुमच्याशी भांडले, की हे त्यांच्या घरी नेऊन देता आलं नसतं का. तुम्ही जेवत होता. म्हणालात, ‘कागदावर शाळेचा पत्ता हाय. मी पत्त्यावर जातो, मानूस बघून जात न्हाई.’ मला तेव्हा ते उर्मट वाटलं होतं. आता मी रोज कोर्टात बघते की बेलिफ माणूस बघून जातो तेव्हा काय काय होतं.

आणि मग ते दोन नावांचं प्रकरण. ते उघडकीला आलं तेव्हा मी बारावीला होते. सीमेकडचं ते गाव, जिथे निम्मे लोक घरात तेलुगू बोलतात. एका घराच्या जागेचा दावा होता आणि प्रतिवादीचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं तिन्ही एकच असलेली दोन माणसं त्या गावात होती. एकाच भावकीतली. आजोबांची नावं फिरून फिरून ठेवायची रीत, त्यातून झालेलं. तुम्ही समन्स घेऊन गेलात, नाव विचारलं, एक म्हातारा पुढे आला, त्याने खुशीने अंगठा दिला. त्याने निराधार योजनेत अर्ज केला होता. सरकारी माणूस नाव विचारत कागद घेऊन आला म्हणजे पगार चालू झाला, असं त्याला वाटलं. तुम्ही मजकूर वाचून दाखवला असणारच, पण त्याला ऐकूही कमीच येत होतं. त्याने कागद फडक्यात गुंडाळून भिंतीतल्या देवळीत ठेवला आणि रोज त्याला हळदकुंकू वाहिलं. खऱ्या प्रतिवादीला काही कळलंच नाही. एकतर्फी हुकूमनामा झाला आणि दीड वर्षाने ताब्याचं वॉरंट घेऊन पुन्हा तुम्हीच त्या गावात गेलात.

हे तुम्ही मला एकदाच सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यात. चुलीपुढे ती बाई भाकरी थापत होती. वादी मागे चार माणसं घेऊन उभा होता. घरधनी म्हणाला, ‘आमाला कशाचाबी कागद आला न्हाई, साहेब.’ असं तर सगळेच म्हणतात. पण गर्दीतलं कुणीतरी म्हणालं की तो कागद थोरल्या घरच्यांनी घेतला. तुम्ही भावकीतल्या त्या थोरल्या घरी गेलात. म्हाताऱ्याने देवळीतून फडकं काढलं, हळदीने पिवळा पडलेला कागद उलगडला आणि तुम्हालाच विचारलं, ‘पगार कवा येनार, साहेब?’ वादी घाई करत होता. ‘वॉरंट तुमच्या हातात हाय, तुमी ताबा घ्या, बाकीचं कोर्ट बघून घेईल.’ कायद्याने त्याचं तसं चुकीचं नव्हतं. तुम्ही ताबा घेतला नाही. वॉरंटाच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहिलंत, की मूळ समन्स माझ्याकडून चुकीच्या इसमावर बजावण्यात आले, आणि खाली सही केलीत. हुकूमनामा रद्द झाला, दावा पहिल्यापासून उभा राहिला. तुम्हाला नोटीस मिळाली, चौकशी झाली आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला बदली झाली. शनिवारी संध्याकाळी धुळीने माखून यायचात आणि रविवारी दुपारी निघायचात.

माझं बारावीचं वर्ष त्यात गेलं आणि मी चिडलेली होते. अशाच एका रविवारी जेवता जेवता तुम्ही मला विचारलंत, ‘काय वाचून राहिलीस?’ आणि मी उत्तर न देता तुम्हाला म्हणाले, ‘तुम्ही लिहिलं नसतं तर कुणाला कळलं असतं?’ तुम्ही मला कधी मारलं नाही. त्या दिवशी मात्र आवाज चढला. ‘मला कळलं व्हतं ना! त्या बाईनं तव्यावरची भाकर तशीच सोडून माज्याकडं बघितलं. ती जळून राहिली आन् ती माज्याकडंच बघून राहिली. मी काय म्हनू तिला? तूच सांग.’ मग पिशवी उचलून, जेवण अर्धं टाकून तुम्ही स्टँडकडे गेलात. 

आता मुलाखतीचं सांगते, ते सांगायलाच बसलेय. टेबलापलीकडे चार जण होते. माझा अर्ज त्यांच्यासमोर होता. सुरुवातीचे प्रश्न ठीक गेले. मग मधल्या सरांनी समन्सच्या बजावणीवर विचारलं, की बेलिफाच्या अहवालावर न्यायाधीशाने किती विसंबावं. मी कलमं सांगितली. ते काही फारसं ऐकत नव्हते. तेव्हा मी तुमची गोष्ट सांगितली. दोन नावं, निराधारचा पगार, देवळी, हळद, वॉरंटामागची ती ओळ, सगळं. चौघेही सरळ बसले. एका बाईसाहेबांनी चष्मा काढला. मी म्हणत गेले, ‘आमच्या भागात एक बेलिफ होते.’ एक बेलिफ होते, अण्णा. तिऱ्हाइतासारखं. सुरुवात तशी झाली आणि मग ती दुरुस्त करता येईना. खरं तर करता आली असती. त्यांनी त्याआधी वडिलांबद्दल विचारलं होतं आणि मी ‘न्यायखात्यात होते’ एवढंच म्हणून सोडलं होतं. त्या मऊ खुर्चीवर बसून मला पुन्हा नववीतलं ते दार दिसलं आणि मी ‘एक बेलिफ होते’ असंच पुढे सांगत गेले.

मधले सर म्हणाले, ‘फार चांगलं. अशी माणसं लक्षात ठेवायला हवीत. काय नाव त्यांचं?’

माझ्या नावाच्या मधोमध तुमचं नाव आहे. ते त्यांच्या पुढ्यातल्या कागदावर, ठळक अक्षरात, होतं. मी म्हणाले, ‘आठवत नाही, सर.’

ते मान हलवून पुढच्या प्रश्नाकडे वळले. यादी लागली तेव्हा मी तळाच्या चार-पाच नावांत होते. लेखीचे माझे गुण मला माहीत आहेत, त्यामुळे हिशेब सोपा आहे. त्या एका उत्तराचे गुण काढून घेतले तर माझं नाव यादीत राहत नाही. शिपायाने लिहिलेला रकाना आणि माझं बोलणं कुणी ताडून बघणार नाही, वकील म्हणून मला एवढं कळतं. शपथेवर काही बोलले नव्हते. कुणाला कळणार नाही. मी परीक्षा घेणाऱ्या आयोगाला पत्र लिहून खरं काय ते कळवावं असं दोनदा मनात आलं, दोन्ही वेळा कागद समोर घेतला, आणि त्यावर हे, तुम्हाला लिहायचं पत्र लिहिलं. पहिलं फाडलं, हे दुसरं. हे मी कुणालाही दाखवणार नाही, आईला तर नाहीच.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. आणि तरीही, अण्णा, ती ऑर्डर यावी असंच मला वाटतं.