राहीबाईची काहील

१७ नोव्हेंबर १९७४, रविवार

ठरलं! यंदा गुऱ्हाळ लागणार — पण एकच काहील. ती साधली तर हंगाम चालेल. नाही तर सगळा ऊस कारखान्याला आणि रस आटवायची ती मोठी लोखंडी काहील भंगारात. आजी, गावाची राहीबाई, जाऊन तीन महिने झाले. इतके दिवस आबा गुऱ्हाळाचं नावही काढत नव्हते. आज जेवताना एकदम म्हणाले, "गुळव्या कुठनं आनायचा? आईच्या जागी भाईरचा मानूस मी उभा करनार न्हाई."

मी ताकाचा पेला खाली ठेवला. म्हटलं, "मी."

आई हसली. आबा हसले नाहीत.

रस किती आटला, काहील कधी उतरवायची, हे गुळव्या सांगतो. तेवढंच त्याचं काम. जरा आधी उतरवली तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी रोज रस तपासते. साखर मला कळते. गूळ कळतो असं मी कुठेही म्हटलेलं नाही!

दिवस ३ डिसेंबर. मंगळवार, देवीचा वार. आजीही मंगळवारीच पेटवायची.

१९ नोव्हेंबर

आजीचं वय काढून पाहिलं. प्लेगच्या साली सगळं कोल्हार रानात झोपड्या घालून राहिलं, ते तिला आठवायचं. "कडेवर न्हाई, पायानं गेल्ते." म्हणजे तेव्हा निदान चार वर्षांची. प्लेग १८९७चा धरला तर जन्म १८९३, एक-दोन वर्षं इकडेतिकडे. गेली तेव्हा एक्क्याऐंशी.

हे तिला ऐकवलं असतं तर म्हणाली असती, "एवडी कशाला? थोडी कमी कर."

२१ नोव्हेंबर

कारखान्यातून थर्मामीटर आणला. सही करून. दोनशे अंशांपर्यंतचा.

२४ नोव्हेंबर, रविवार

कारभारीमामा काहिलीखालचं चुलवाण लिंपायला आले. वय सत्तर. आजीच्या काहिलीखाली चिपाडं घालून जाळ राखण्यात यांचा जन्म गेला, त्याआधी यांच्या वडिलांचा. हात मातीत, तोंड मोकळं. मी फक्त विचारलं, "आजीची पहिली काहील तुम्ही पाहिली?"

"पाह्यली म्हंजी? म्या तितंच हुतो की!"

आजोबा जाऊन सहा महिने झालेले. आजी सत्तावीस वर्षांची, आबा दोन वर्षांचे. राहुरीकडचा गुळव्या ठेवलेला. एक दिवस रस उकळत असताना तो भाकरी खायला बसला आणि चटणी अळणी म्हणून रुसून चालता झाला! काहील वर येत चाललेली. मामांचे वडील ओरडले, "आता ह्ये कोन बगनार?" आजीनं गार पाण्यात हात बुडवला, तोच काहिलीत घातला, चिमूटभर पाक काढून पाण्यात गोळी केली आणि काहिलीच्या काठावर हाणली. टण्!

"आन् म्हनली, वढा जाळ भाईर! आमी वढला. दुसरं काय करतो? त्या गुळाला राहात्याच्या बाजारात लई तोंडं बघायला आली. याक यापारी ढेपंला नख लावाया लागला, तर म्हनती कशी — आदी नख धू!"

मामा हसता हसता चिखलात बसले.

मग पुढचं. गाव म्हणालं, बाईमाणूस काहिलीपाशी, मग महिन्याच्या चार दिवसांचं काय? विटाळाचा गूळ देवीपुढे कसा ठेवायचा? आमच्याकडे चुलवाण पेटवण्याआधी जाळ घालणारा मोठ्यानं विचारतो, "बायांमदी कुनाला अडचन?" जिला असेल तिनं विहिरीपलीकडे जाऊन बसायचं. तेव्हा आजी देवळात उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली, "मालक गेले त्या दिवसापून देवीनं माझी अडचन काढून घेतली." पुन्हा तिला कोणी विचारलं नाही.

हे सांगताना मामांनी चिखलाचे हात जोडले. आबाही ही गोष्ट सांगताना हात जोडतात.

वय वर्षं सत्तावीस. मला शंका आहे. इथे लिहून ठेवते.

२६ नोव्हेंबर

आज प्रयोगशाळेत उसाचा वास आला आणि आजी आली. म्हणजे आठवली. दोन वर्षांपूर्वी तिला कारखाना दाखवायला आणलं होतं. नऊवारी, पायात वहाणा, तोंडात उरलेले तीन दात. उपकरणाच्या नळीला डोळा लावून म्हणाली, "ह्यात तर मला माझाच डोळा दिसतोय." मग कोणी अडवायच्या आत रसाच्या भांड्यात बोट बुडवून चाखलं. "ह्यो कालचा ऊस न्हाई. परवाच्या तोडीचा हाय."

रजिस्टर काढलं. परवाचा होता. आमचे साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. बाहेर पडताना त्यांना म्हणाली, "आमच्या चांगुनाला काई येत नसंल तर मला बोलवा." मी तेव्हा अवघडले होते. आज एकटीच हसले — मोठ्यानं. शेजारच्या टेबलावरचे वळून पाहायला लागले.

२८ नोव्हेंबर

हिशेब माझाच. मागची तारीख ४ नोव्हेंबर. चक्र अठ्ठावीस दिवसांचं, क्वचित एकोणतीस. म्हणजे २ डिसेंबर, फार तर ३. दोनदा मोजलं. उत्तर तेच.

आबांना विचारलं, तीनऐवजी दहा तारखेच्या मंगळवारी पेटवलं तर?

"भंगारवाल्याचा टेम्पो पाच तारखंला, गुरवारी यायचाय. काहील साधली तर परत लावीन त्याला. न्हाई साधली तर उचलू दे. पुडं ढकलून काय हुनार?"

कारण सांगितलं नाही. आई माझ्याकडे पाहत होती. आईच्या घरात ते चार दिवस चुलीला हात लावायचा नाही, लोणच्याच्या बरणीवर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. मी पदवी घेऊन आले तरी नाही. तिच्यापाशी हा विषय काढण्यात अर्थ नाही.

१ डिसेंबर, रविवार

साळूबाईकडे गेले. आजीची जन्माची मैत्रीण, मागच्या आळीत राहते. सरळ विचारलं, देवीनं खरंच काढून घेतली होती?

आधी तिनं दाराकडे पाहिलं. मग हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

"अगं, कसली देवी न् कसलं काय! दर म्हैन्याला धुनं माज्या परसात वाळत घालायची. माज्या लुगड्याखाली! ईस वरीस! माजी सासू म्हनायची, साळू, तुला लईच येळा येतंय गं!"

"भीती नाही वाटली तिला?"

"वाटली की! पैल्या सालाला देवीपुडं गेली आन् म्हनली, बाई, तुला रुचत नसंल तर गूळ बसू दिऊ नको. म्या समजंन." साळूबाईनं डोळे पुसले. "बसला. दुसऱ्या सालाला पुन्यांदा तसंच म्हनली. बसला! मंग म्हनली, साळे, आता इचारनं बंद. किती येळा तरास द्यायचा तिला?"

वीस वर्षं. हंगामात पाच-सहा वेळा तरी. म्हणजे शंभरच्या वर चाचण्या, निकाल प्रत्येक वेळी एकच. मी प्रयोगशाळेत याहून कमी पुराव्यावर सही करते.

घरी येताना वाटेत धावावंसं वाटलं. धावले नाही. भरभर चालले.

२ डिसेंबर

आली. पहाटेच.

कोणाला सांगितलं नाही. नेहमीसारखी बाजूला बसले नाही, चहा मीच ठेवला. आई न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिथे माझं धुणं होतं. आबांना सांगणार असेल तर आज रात्रीच सांगेल.

काहील घासून ठेवली आहे. ऊस तोडून आला.

३ डिसेंबर, मंगळवार

कारभारीमामांनी मोठ्यानं विचारलं, "बायांमदी कुनाला अडचन?" निम्मं गाव जमलेलं. मी तोंड उघडणार तोच आई माझ्या पुढे येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणाली, "पोरगी चार दिस सरून मागल्या आयतवारीच न्हाली. पेटवा."

एकशे अठरा अंशांवर उतरवली. गूळ बसला.