दाढेखालचा दाणा

४ नोव्हेंबर, मंगळवार
उजवी खालची दाढ ठणकतेय. विशेष काही नाही. लवंग धरली.

डावीकडे दाढा उरलेल्या नाहीत. उजवीकडेही खाली ही एकच. जेवण आणि नोकरी दोन्ही उजवीकडे. किरणशेठच्या भातगिरणीत माल घेण्याआधी मी दाणा दाढेखाली धरतो. कट्ट वाजला तर भात वाळलेलं. चपटा झाला तर ओलं. ओलं भात घेतलं की गोदामात बुरशी धरते. किरणशेठच्या वडिलांनी मला याच कामावर ठेवलं.

आज किरणशेठनी ओलावा मोजायचं मीटर आणलं. म्हणाले, सहदेवकाका, महिनाभर तुम्हीपण बघा, मीटरपण बघेल. मग दोघांतलं एक ठेवू.

मी हसलो. डावीकडून.

६ नोव्हेंबर, गुरुवार
वाडीवरून धाऊ टेंपोत भात घेऊन आला. दाणा धरला तशी कळ कानापर्यंत गेली. डोळ्यांत पाणी. धाऊ म्हणाला, काय रं दादा, भात माजं नि रडतोस तू?

ओलं आहे, म्हणालो. मीटरने वाळलेलं दाखवलं. किरणशेठनी आजच्यापुरतं माझं ऐकलं. धाऊने पोती परत टेंपोत चढवली. म्हणाला, त्या मशीनची दाढ दुकत नाय ना, मंग ती कशाला खोटं बोलंल.

दुखऱ्या दाढेला जास्त कळतं. हे त्याला कोण समजावणार.

८ नोव्हेंबर, शनिवार
बायको म्हणाली, उपटून टाका एकदाची. सुरेखाला दाढ आणि पगार यांतला संबंध दिसत नाही. मी रूट कॅनाल करायचं ठरवलं. खालापूरला डॉ. निशिगंधा यांचं नवीन क्लिनिक आहे. एसटीने गेलो.

संध्याकाळी
फारच आधुनिक. एक्सरे लगेच स्क्रीनवर. माझी दाढ म्हशीच्या दाढेएवढी दिसली. तोंडावर निळं रबर ताणलं, त्यातून ती एकटी वर. मग सुई आत. सुई मुळाच्या टोकाशी पोचली की एक यंत्र वाजतं. त्याला कसं कळतं, ते नंतर विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, विजेच्या बारीक प्रवाहाने. मला लगेच पटलं. म्हणालो, माणूस चुकेल, हे चुकणार नाही.

परत येताना गिरणीतलं मीटर आठवलं. त्याची गोष्ट वेगळी आहे.

नस काढली. मुळं पुढच्या शनिवारी भरायची, मग कॅप. वर तात्पुरतं सिमेंट आहे. तोवर त्या बाजूने कडक काही चावायचं नाही. मी तसंही चावत नाही. दाणा फक्त धरतो. म्हणून तो विषय काढला नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
दाढ एकदम शांत. आज भरपूर माल आला. एकही दाणा चपटा वाटला नाही. यंदा भात छान वाळलंय.

मीटर सगळीकडे ओलं दाखवत होतं. किरणशेठ म्हणाले, काका, शुअर ना? म्हणालो, यंत्र पुसून घ्या. अर्धा माल माझ्या शब्दावर घेतला. नव्या तंत्राने दाढ सुधारली आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
खालापूरला गेलो नाही. किरणशेठ रजा द्यायला तयार होते. तेच खटकलं. मी गेलो की मीटर एकटंच बसणार.

डॉक्टरांचा फोन. म्हणालो, तुमच्या यंत्रांनी काम इतकं छान केलंय की आता काही उरलं नाही. त्या म्हणाल्या, काका, दुखणं थांबलंय, काम नाही. दाढ आतून पोकळ आहे, जोर पडला तर फुटेल. पुढच्या शनिवारी नक्की, म्हणालो.

सुरेखा ऐकत होती. म्हणाली, त्या मीटरला तरी इतकं घाबरू नका. ती भाजी चिरत होती.

१९ नोव्हेंबर, बुधवार
धाऊ आला. भात पुन्हा उन्हात घालून आणलेलं. मीटरने वाळलेलं दाखवलं. किरणशेठ जवळ उभे होते, आणखी चारपाच माणसं. सर्वांना ऐकू जाईल असा दाणा धरायचं ठरवलं.

कट्ट आवाज आला. सर्वांनी ऐकला.

धाऊने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, दाना का दाढ रं दादा?

दाणा, म्हणालो. वाळलंय.

थुंकायला बाहेर गेलो.

२० नोव्हेंबर, गुरुवार
खालापूर. दाढ मुळापर्यंत चिरली आहे. काढावी लागेल. एक्सरे चुकला असेल का, विचारलं. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मी डोळे मिटले. त्यांना वाटलं दुखतंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार
काढली. कापसाचा बोळा धरून परत आलो. सुरेखाने पेज केली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
बाराव्या तारखेच्या पोत्यांत हात घातला. आत गरम. वास येतो. गोदामाला हवा कमी आहे.

किरणशेठना बोलावलं नव्हतं. तेच आले. त्यांनीही हात घातला. म्हणाले, मीटरच ठेवू. काका, ते तुम्हीच धरा. लोक तुम्हाला ओळखतात.

म्हणजे काम माझ्याकडेच राहिलं. उलट यंत्र माझ्या हाताखाली आलं. सुरेखाला तसं सांगितलं. ती म्हणाली, बरं.

२ डिसेंबर, मंगळवार
मीटरचं काम सोपं आहे. दाणे भरायचे, बटण दाबायचं. आकडा बारीक दिसतो. तो किरणशेठ वाचतात. मी मोठ्याने सांगतो.

दुपारी मीटर बंद पडलं. बाहेर टेंपोंची रांग. किरणशेठ जेवायला घरी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. धाऊ म्हणाला, बघ ना रं दादा तूच, पयल्यासारखं.

मी त्याच्या पोत्यातला दाणा उचलला. तोंडात टाकला. उजवीकडे नेला, मग डावीकडे. बराच वेळ फिरवला.

काय हाय? धाऊने विचारलं.

मी दाणा हातावर काढला. जसाच्या तसा होता. त्यांना थांबायला सांगून मीटरचे सेल आणायला बाजारात गेलो.